ज्याच्या मागे लागावं लागत नाही असा माणूस कसं व्हायचं

कुठल्याही टीममध्ये आयत्या वेळी एखादं काम अंगावर आलं की साहेबांच्या डोळ्यांसमोर एकच नाव येतं. ते नाव बहुधा सगळ्यात हुशार माणसाचं नसतं, आणि मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त बोलणाऱ्याचं तर नसतंच. ज्याच्या हातात काम दिलं की देणाऱ्याच्या डोक्यातून ते निघून जातं, अशा माणसाचं ते नाव असतं. त्याला 'कुठवर आलं?' म्हणून मध्येच विचारावं लागत नाही. आलेलं काम पुन्हा उघडून तपासावं लागत नाही. आणि काही बिनसलं तर ते आधी त्याच्याकडूनच कळतं.

करिअरवरचे बहुतेक सल्ले याच्या उलट बाजूने सुरू होतात: ओळखी वाढवा, स्वतःला प्रेझेंट करायला शिका, नवं तंत्रज्ञान आत्मसात करा. त्यात चूक काही नाही. पण ज्याने पाठवलेल्या तक्त्यातली बेरीज दर वेळी कोणीतरी पडताळून बघतं, त्याने कितीही झकास प्रेझेंटेशन दिलं तरी लोक मनातल्या मनात 'आकडे बघून घेऊ' असंच म्हणतात. विश्वास आधी साध्या गोष्टींवर बसतो, मग अवघड कामं मिळतात.

साध्या गोष्टी म्हणजे काम नीट समजून घेणं, लिहून ठेवणं, खरी तारीख सांगणं, तपासून देणं, मोजक्या शब्दांत कळवणं, रोजचं सॉफ्टवेअर नीट येणं आणि आपलं काम पुढे कुठे जातं ते माहीत असणं. वाचताना वाटतं, यात नवीन काय? हे तर सगळ्यांना येतं. गोम इथेच आहे. सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणी मुद्दाम शिकत नाही. आणि दडपण आलं की पहिली गाळली जाते ती हीच गोष्ट. दडपणातही ती गाळली जाऊ नये, इतकी अंगवळणी पाडायची. त्यासाठी काय करायचं, ते एकेक करून बघू.

१. काम घेताना: 'हो' म्हणण्याआधी परत बोलून दाखवा

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं, विमानतळावर गर्दी होती, उशीर झालेला होता. कारणं बरीच होती. पण शेवटच्या क्षणांत घात केला तो बोलण्यातल्या संदिग्धतेने. नियंत्रकाने एका विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता, धावायची परवानगी दिली नव्हती. वैमानिकांकडून 'आम्ही आता टेक-ऑफला आहोत' अशा अर्थाचं वाक्य आलं, त्यावर नियंत्रकाचा 'ओके' गेला, आणि त्यापुढचं 'थांबा' हे सांगणं रेडिओच्या खरखरीत बुडालं. त्यानंतर विमानवाहतुकीतली भाषा कडक झाली. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा आणि महत्त्वाच्या सूचना जशाच्या तशा परत म्हणून दाखवायच्या, नुसतं 'ओके' म्हणायचं नाही, यावर भर आला.

ऑफिसात कोणाच्या जिवावर बेतत नाही, पण 'ओके सर'चा घोटाळा रोजच होतो. साहेब म्हणतात, 'तो रिपोर्ट जरा बघून घे.' बघून घे म्हणजे वाच, दुरुस्त कर, की नव्याने कर? तुम्ही एक धरून चालता, त्यांच्या मनात दुसरंच असतं, आणि तीन दिवसांनी दोघंही वैतागतात.

म्हणून काम घेताना चार गोष्टी स्पष्ट करून घ्या. हे कशासाठी हवंय? कोण वाचणार किंवा वापरणार? कोणत्या स्वरूपात आणि किती खोलात हवंय? कधी हवंय, आणि ती तारीख कशावरून ठरली? यातला पहिला प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि वेळ सगळ्यात जास्त तोच वाचवतो. संचालकांना दोन मिनिटांत चित्र कळावं म्हणून रिपोर्ट हवा असेल तर एक पान पुरतं. ऑडिटसाठी हवा असेल तर प्रत्येक आकड्यामागचा कागद लागतो.

मग समजलेलं आपल्या शब्दांत परत सांगा. 'म्हणजे सर, गेल्या तिमाहीतल्या तक्रारी प्रकारानुसार, एका पानावर, सोमवारच्या मीटिंगसाठी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत देतो. कारणांचं विश्लेषण आत्ता नको. बरोबर?' यातलं 'आत्ता नको' महत्त्वाचं आहे. काय करायचं नाही हे बोललं गेलं की निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. काम मोठं असेल तर हेच चार ओळींत लिहून पाठवा. प्रश्न विचारले तर आपल्याला येत नाही असं वाटेल, ही भीती नवख्यांना हमखास असते. प्रत्यक्षात सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाला कोणी नाव ठेवत नाही. देण्याच्या आदल्या रात्री विचारलेला तोच प्रश्न मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो.

२. एकच वही

यावर फार लिहिण्यासारखं नाही. डोक्यावर भरवसा ठेवू नका. वही असो, फोन असो की कंपनीचं टास्कचं सॉफ्टवेअर असो, जागा एकच हवी. मेलमध्ये थोडं, चॅटमध्ये थोडं, चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर थोडं, अशी वाटणी झाली की काहीतरी निसटणारच. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असाव्यात: काय, कोणासाठी, कधी. आणि दिवस संपताना पाच मिनिटं ती यादी वाचायची. ही पाच मिनिटं टळली की यादी मरते, मग ती कितीही सुंदर ॲपमध्ये असो.

एक भर मात्र घाला: 'कोणाकडून येणं आहे' असा वेगळा रकाना. आपली निम्मी कामं दुसऱ्याकडे अडकलेली असतात, आणि 'मी मेल टाकला होता' हे उत्तर कोणाच्याच कामाचं नसतं. कोणाला कधी विचारलं आणि पुन्हा कधी विचारायचं, हे तिथे लिहून ठेवलं की गाडं कुठे अडलंय ते तुम्हाला इतरांच्या आधी कळतं.

३. तारीख देताना

माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज नेहमी कमीच धरतो. डॅनियल काहनेमन आणि एमस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीचं वर्णन केलं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५६. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला.

याचा अर्थ असा की 'नीट विचार करून' तारीख दिली तरी ती चुकतेच, कारण विचार करताना आपण काम कसं सुरळीत पार पडेल याचंच चित्र रंगवतो. उपाय वेगळा आहे: मागचं बघा. अशाच प्रकारचं काम मागच्या वेळी किती दिवसांत झालं होतं? तेवढेच धरा, आपण आता हुशार झालोय असं समजून कमी करू नका. यासाठी यादीत काम संपल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष असे दोन आकडे लिहायची सवय लावा. थोड्याच आठवड्यांत तुमचा स्वतःचा गुणक हाती येतो. कोणाचं दीडपट होतं, कोणाचं दुप्पट.

काम मोठं असेल तर तुकडे पाडा आणि त्यात दुसऱ्यांची वाट बघण्याचा वेळ धरा. तपासणी, मंजुरी, परत आलेल्या दुरुस्त्या हा वेळ अंदाजात कोणी मोजत नाही, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. साहेबांनी आग्रह धरला म्हणून अशक्य तारखेला मान डोलावू नका. 'बुधवारपर्यंत पहिले दोन भाग होतील, तिसरा शुक्रवारी. बुधवारी सगळंच हवं असेल तर तिसऱ्यात फक्त ठळक मुद्दे देता येतील,' असं सांगा. म्हणजे निवड त्यांच्या हातात राहते.

आणि तारीख हुकणारच असेल तर? ती कधी कळवली यावर सगळं अवलंबून आहे. शुक्रवारचं काम होणार नाही हे बुधवारी सांगितलं तर ती माहिती असते. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं तर ती सबब होते. बुधवारचा निरोप असा असावा:

'मॅडम, शुक्रवारचा रिपोर्ट सोमवारी दुपारपर्यंत जाईल असं दिसतंय. एका शाखेचे आकडे अजून आलेले नाहीत. आज पुन्हा फोन केला, उद्या मिळतील म्हणाले. तुम्हाला शुक्रवारीच हवा असेल तर त्या शाखेविना देतो आणि तसं वर ठळक लिहितो. काय करू?'

काय झालं, का झालं, मी काय केलं, पुढे काय पर्याय आहेत, आणि तुमच्याकडून काय हवंय, एवढं सगळं यात आलं. माफीचं पाल्हाळ नाही. असा निरोप वेळेवर पाठवणाऱ्याची तारीख अधूनमधून हुकली तरी त्याच्यावरचा भरवसा टिकतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

४. हातावेगळं करण्याआधी तपासणं

सगळं सोडून एकच पायरी पक्की करायची असेल तर ही करा. कारण बाकीच्या गोष्टी लोकांना हळूहळू जाणवतात. चूक मात्र पहिल्याच झटक्यात दिसते.

चुका ज्ञान कमी पडल्याने होतात त्याहून जास्त, येत असलेलं आयत्या वेळी राहून गेल्याने होतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान चाचणीत उडालं, काही क्षणांत कोसळलं आणि त्यात दोघांचा जीव गेला. वैमानिक नवखे नव्हते. जमिनीवर उभ्या विमानाची शेपटीकडची नियंत्रणं वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं, इतकंच. वैमानिकांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे चेकलिस्ट. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने बनलं.

शस्त्रक्रियेतही हेच घडलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची एक चेकलिस्ट आणली: रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा बरोबर आहे ना, वापरलेली उपकरणं आणि कापसाचे बोळे मोजले ना, असे साधे मुद्दे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे, पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात शंभराहून अधिक रुग्णालयांना अशी यादी लागू केली, तेव्हा २०१४ मधल्या अभ्यासात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. वरून हुकूम आला म्हणून खुणा केल्या तर असंच होणार, असं त्यावर अनेकांनी म्हटलं. मला ते पटतं. यादी भिंतीवर लावण्यात काही नाही. प्रत्येक ओळीपाशी खरोखर थांबून बघणं हेच खरं काम.

म्हणून दुसऱ्याची तयार यादी उचलू नका. स्वतःची बनवा, आणि ती परत आलेल्या कामांतून बनवा. गेल्या काही महिन्यांत तुमचं कोणतं काम दुरुस्तीसाठी परत आलं ते आठवा, जुने मेल चाळा. बहुतेकांना तीन-चार प्रकारच्याच चुका पुन्हा पुन्हा सापडतात: जुनी फाइल जोडली गेली, नावाचं स्पेलिंग चुकलं, एका ठिकाणचा आकडा बदलला पण दुसऱ्या ठिकाणचा तसाच राहिला. तेच तुमच्या यादीतले मुद्दे. पाच-सहापेक्षा जास्त नकोत, नाहीतर आठवड्याभरात तुम्हीच पाट्या टाकायला लागाल. महिन्यातून एकदा यादी बघा. जी चूक आता होतच नाही ती काढा, नवी सापडली तर घाला.

आकड्यांच्या तक्त्यासाठी काय बघायचं, ते जरा जवळून पाहू, कारण ऑफिसातल्या सगळ्यात महाग चुका तिथेच होतात.

पहिलं, ओळी मोजा. मूळ डेटात किती नोंदी होत्या आणि तुमच्या तक्त्यात किती आहेत, हे जुळतं का? फिल्टर लावल्यामुळे किंवा लपवलेल्या ओळींमुळे काही गळलं का?

दुसरं, सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत पोचलंय का ते सेलवर क्लिक करून डोळ्यांनी बघा. २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक निबंध खूप गाजला. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने तो पडताळला तेव्हा दिसलं की सरासरीच्या सूत्रात २० देशांऐवजी १५ च ओळी घेतल्या होत्या. वर्णक्रमाने पहिले पाच देश, ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंत, बाहेरच राहिले होते. त्या निबंधावरचे आक्षेप याहून मोठे आणि वेगळेही होते, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच.

तिसरं, एकूण बेरीज दुसऱ्या वाटेने काढा. आडवी बेरीज आणि उभी बेरीज एकच येते का? चौथं, कुठल्याही तीन ओळी निवडा आणि मूळ कागदापर्यंत मागे जाऊन पडताळा. पाचवं, तक्ता बाजूला ठेवून स्वतःला विचारा: हा आकडा शक्य तरी आहे का? मागच्या महिन्याच्या पाचपट खर्च दिसत असेल तर एक तर काहीतरी मोठं घडलंय, नाहीतर एक शून्य जास्त पडलंय. दोन्ही बाबतीत, पाठवण्याआधी ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

मजकुरासाठी एवढं लागत नाही. तो मोठ्याने वाचा, किंवा थोडा वेळ बाजूला ठेवून छापून वाचा. लिहिल्या लिहिल्या लगेच तपासलं तर डोळा काय लिहायचं होतं तेच वाचतो, काय लिहिलंय ते नाही. आणि 'पाठवा'वर बोट ठेवण्याआधी जोडलेली फाइल एकदा उघडून बघा. नाव बघून समाधान मानू नका, उघडा.

५. कळवणं

कामाचा मेल म्हणजे नमनाला घडाभर तेल, असा प्रकार फार दिसतो. हा बघा:

'आदरणीय सर, मागील आठवड्यात आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार मी प्रशिक्षणाच्या विषयावर काम सुरू केले होते. त्या संदर्भात दोन संस्थांशी संपर्क साधला. पहिल्या संस्थेने माहिती तत्परतेने पाठवली, दुसऱ्या संस्थेकडून यायला थोडा विलंब झाला. दोन्हींचे काही फायदे व काही तोटे आहेत. सोबत तपशील जोडला आहे. कृपया पाहून मार्गदर्शन करावे.'

भाषेत खोट नाही, नम्रताही आहे. पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? त्याला फाइल उघडायची, दोन्ही संस्था समजून घ्यायच्या, तुलना करायची आणि निर्णयही घ्यायचा. म्हणजे तुमचं काम त्यानेच करायचं. आता हा बघा:

'विषय: प्रशिक्षणासाठी संस्था, गुरुवारपर्यंत होकार हवा.
सर, दोन संस्था पाहिल्या. मी पहिली सुचवतो. ती आपल्याच डेटावर सराव करून घेते, दुसरी नमुन्याच्या डेटावर. पहिलीचा खर्च जास्त आहे, पण मंजूर बजेटमध्ये बसतो. गुरुवारपर्यंत होकार आला तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करता येईल. तुलनेचा तक्ता सोबत आहे, हवा असल्यास.'

फोनच्या स्क्रीनवर, लिफ्टमध्ये उभं राहूनही यावर 'हो' लिहिता येतं. फरक शब्दसंख्येचा नाही. दुसऱ्या मेलमध्ये काय हवंय ते विषयातच आहे, स्वतःचं मत पहिल्या वाक्यात आहे, कारण त्यापाठोपाठ आहे, आणि आपल्या सूचनेची पडती बाजूही लपवलेली नाही. हे शेवटचं फार थोडे लोक करतात. 'खर्च जास्त आहे' हे तुम्ही स्वतः सांगितलंत की तुमच्या बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

चॅटवर 'हॅलो सर' लिहून उत्तराची वाट बघत बसू नका. प्रश्न त्याच निरोपात लिहा. एका मेलमध्ये एकच विषय ठेवा, कारण तीन प्रश्न विचारले तर उत्तर बहुधा सोप्या प्रश्नाचंच येतं. आणि मीटिंग संपल्यावर कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत, एवढं त्याच दिवशी सगळ्यांना पाठवा. या कामासाठी कोणी पुढे येत नाही, सगळ्यांना ते कारकुनी वाटतं. पण ठरलेलं शब्दांत मांडणाऱ्याला त्या विषयाची सगळ्यात नीट माहिती राहते, आणि पुढच्या वेळी 'काय ठरलं होतं रे?' हा प्रश्न त्याच्याकडेच येतो.

६. रोजचं हत्यार

ज्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा यंत्रावर तुमचा निम्मा दिवस जातो, ते तुम्हाला 'चालवता' येतं की खरोखर येतं? नव्या साधनांमागे धावण्याआधी आहे ते नीट शिका. रोज हाताने करत असलेली एखादी कंटाळवाणी गोष्ट निवडा आणि तिची छोटी वाट शोधा: कीबोर्डवरचा शॉर्टकट, तयार टेम्प्लेट, एखादं सूत्र. आठवड्याला एक पुरे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हत्यार कुठे कमी पडतं ते माहीत असणं. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी रोजच्या आकडेवारीत आल्याच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. त्यापुढचा डेटा गळून गेला होता. ही मर्यादा काही गुपित नव्हती. तुमच्या सिस्टीममध्ये असा काठ कुठे आहे, तो गाठला तर ती ओरडते की गप्प राहते, हे जुन्या जाणत्या सहकाऱ्याला विचारून ठेवा.

फाइलींबद्दल एकच सांगतो. 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-खरंच' हा प्रकार बंद करा. नावाच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख टाका. यादी आपोआप क्रमाने लागते आणि काखेत कळसा अशी वेळ येत नाही.

७. पुढच्या टेबलावर जाऊन बघा

तुमचं काम तुमच्या हातून सुटल्यावर कुठे जातं? बऱ्याच जणांना याचं उत्तर 'अकाउंट्सकडे' किंवा 'क्लायंटकडे' एवढंच माहीत असतं. तिथे त्याचं नेमकं काय होतं, ते नाही.

सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचताच हरवलं. ते बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून येणारे आकडे पौंडाच्या मापात होते आणि नासाची बाजू ते न्यूटनच्या मापात धरून चालली होती. गणित दोन्हीकडे ठीक होतं. बिघाड दोन टेबलांच्या मधल्या फटीत होता.

म्हणून ज्या माणसाला तुमचं काम जातं त्याच्याशेजारी अर्धा तास बसा. दुसऱ्या शहरात असेल तर कॉलवर स्क्रीन दाखवायला सांगा. विचारा, 'मी पाठवलेलं मिळालं की तुम्ही सगळ्यात आधी काय करता? त्यात काय बदलावं लागतं?' उत्तरं ऐकून चाट पडायला होतं. तुम्ही मेहनतीने सजवलेला तक्ता तो आधी साधा करून घेत असतो, रंग काढून टाकत असतो, तारखांचं स्वरूप बदलत असतो. दोन-तीन बारीक बदल केले की त्याचा रोजचा वेळ वाचतो, आणि हा माणूस तुमच्याबद्दल चार ठिकाणी चांगलं बोलतो. ज्या ओळखींच्या मागे लोक धावतात, त्या अशाही होतात.

८. चूक झालीच तर

होणारच आहे. सापडल्याबरोबर कळवा, कोणी विचारायच्या आधी. काय चुकलं, त्याचा परिणाम कुठवर गेलाय, तो थांबवायला काय केलं, आणि बरोबर आकडा कधी मिळेल, या क्रमाने सांगा. कारणमीमांसा नंतर. दुसऱ्याचंही थोडं चुकलं असेल तर ते पहिल्या निरोपात आणू नका; तपशील निघाले की ते दिसतंच. आणि ती चूक तुमच्या तपासणीच्या यादीत त्याच दिवशी चढवा.

सुरुवात कुठून करायची

हे आठही एकदम सुरू केलं तर दुसऱ्या आठवड्यात सगळं सुटेल. आधी एकच घ्या. कोणतं, ते ठरवायला आपल्या साहेबांना किंवा जवळच्या सहकाऱ्याला सरळ विचारा: 'माझ्याकडून आलेल्या कामात तुम्हाला पुन्हा काय बघावं लागतं?' 'काय सुधारू?' असं मोघम विचारलं तर 'छान चाललंय' असं मोघमच उत्तर येतं. नेमकं विचारलं तर नेमकं मिळतं, जरा लागतंही. जे मिळेल तीच तुमची पहिली पायरी. ती न आठवता व्हायला लागली की पुढची घ्या. कोणालाच विचारण्यासारखं नसेल तर चौथ्या पायरीपासून सुरू करा.

आता एक कडू भाग. भरवशाच्या माणसाच्या डोक्यावर कामं लादली जातात. जो करतो त्यालाच अजून दिलं जातं, आणि पाट्या टाकणारा निवांत राहतो. यावर चिडून कामाची पत उतरवणं हा उपाय नाही, आणि मुकाट सोसणं हाही नाही. यादी तुमच्याकडे आहेच, ती पुढे ठेवा. 'हे घेतो सर. पण मग तिमाहीचा रिपोर्ट शुक्रवारऐवजी मंगळवारी जाईल. यातलं आधी कोणतं हवं?' यात नकार नाही, पण वेळ फुकटचा नाही हे समोरच्याला दिसतं. दोन-तीनदा असं झालं की काम टाकण्याआधी ते स्वतःच विचारू लागतात.

दुसरी अडचण म्हणजे सुरळीत चाललेलं काम दिसत नाही. आग विझवणाऱ्याचं कौतुक होतं, आग लागूच न देणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. काही ठिकाणी तर साहेबांचं लक्ष फक्त गोंगाटाकडे असतं, आणि तिथे या लेखातलं सगळं करूनही फळ मिळायला वेळ लागतो. आपल्याला तेवढं करता येतं ते एवढंच की नोंद ठेवायची. दर शुक्रवारी वहीत दोन ओळी लिहा: या आठवड्यात काय पूर्ण झालं आणि त्याने कोणाचं काय सोपं झालं. 'डेटा एंट्रीचं टेम्प्लेट बदललं, अकाउंट्सला महिनाअखेरीस दुरुस्त्या कराव्या लागल्या नाहीत,' इतकं साधं. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म आला की लोक वर्षभरात काय केलं ते आठवत बसतात आणि शेवटच्या दोन महिन्यांचंच लिहितात. तुम्ही वही उघडा, त्यातल्या पाच-सहा नोंदी निवडा, शक्य तिथे आकडा जोडा, आणि फॉर्म मुदतीच्या दोन दिवस आधी भरून पाठवा. पाठवण्याआधी जोडलेली फाइल उघडून बघा.